चूक यंत्रणेची, दंड मात्र करदात्याला

कर गोळा करण्याच्या राज्यसंस्थेच्या अधिकाराविषयी समाजवाद्यांचे कधीच दुमत नव्हते. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याच्याकडून अधिक घ्यावे आणि ज्याच्यापाशी काही नाही त्याच्यासाठी ते खर्चावे, ही भूमिका चळवळीने सातत्याने मांडली. महाराष्ट्रात १९७५ साली व्यवसाय कर बसला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातील पगारदाराच्या खिशातून निघालेला रुपया दुष्काळी भागातील मजुराच्या हाती पडावा, हा त्यामागील विचार होता आणि तो योग्यच होता. परंतु कर मागणाऱ्या सत्तेवर एक कर्तव्यही येऊन पडते. कर भरू इच्छिणाऱ्याला तो वेळेवर व विनासायास भरता येईल, एवढी व्यवस्था तिने केली पाहिजे. कचेरीचे दार आतून बंद करून घ्यायचे आणि बाहेर ताटकळणाऱ्याला उशीर झाला म्हणून दंड ठोठावायचा, हा न्याय मोगलाईतही खपला नसता. गेली काही वर्षे देशात नेमके हेच चालू आहे. फरक एवढाच की, दाराच्या जागी आता संगणकाचा पडदा आला आहे.

या प्रश्नाकडे नागपुरातून पाहण्यास विशेष कारण आहे. देशातील आयकर अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी याच शहरात, छिंदवाडा मार्गावर आहे. तिचा इतिहास १९५७ पासूनचा. कर कसा आकारावा आणि कसा वसूल करावा, याचे धडे येथे दिले जातात. त्याच शहरात धंतोली, रामदासपेठ, सीताबर्डी या भागांत करसल्लागारांची कार्यालये आहेत. इतवारीतील धान्याचा अडत्या, गांधीबागेतील कापडाचा दुकानदार, छोटा वाहतूकदार, निवृत्त शिक्षक अशी माणसे आपले कागद घेऊन तेथे येतात. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात या कार्यालयांत काय चालते, हे अकादमीच्या अभ्यासक्रमात बहुधा नसावे.

ते काय चालते? दिवसा पोर्टलवर गर्दी होते म्हणून काम रात्री अकरानंतर सुरू होते. शिकाऊ उमेदवार आणि कारकून पहाटेपर्यंत बसतात. अर्धे विवरणपत्र भरून होते आणि पडदा गोठतो; पुन्हा प्रवेश केला की भरलेली माहिती नाहीशी झालेली असते. पुढे जाण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक पक्षकाराच्या मोबाईलवर जातो, आणि पक्षकार तर काटोलकडे आपल्या शेतावर, जेथे मोबाईलची रेंज धड मिळत नाही. क्रमांक येतो तोवर त्याची मुदत संपते. कराचे पैसे बँकेतून वजा होतात, पण चलन काही निघत नाही. हे सारे घडले याचा पुरावा म्हणून बिचारा सल्लागार पडद्याची छायाचित्रे काढून ठेवतो, कारण उद्या नोटीस आली तर ती चित्रे हाच त्याचा एकमेव साक्षीदार. शिवाय विवरणपत्रे तयार करण्यासाठी त्याने खाजगी कंपनीचे सॉफ्टवेअर वर्षाची वर्गणी भरून घेतलेले असते. सरकारने हंगामाच्या मध्यात नमुन्याच्या रचनेत बदल केला की ते सॉफ्टवेअरही बदलावे लागते आणि आधी केलेले काम पुन्हा तपासावे लागते. या जादा श्रमाचा मोबदला कोणी देत नाही. मोठ्या कंपनीपाशी कर विभाग असतो, वकील असतात. छोट्या सल्लागारापाशी दोन कारकून असतात आणि पक्षकाराची बोलणी असतात.

हा एखाद्या वर्षाचा अपघात असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून मध्यरात्रीच्या समारंभाने अंमलात आला. विक्रेत्याचे बिल आणि खरेदीदाराचे बिल संगणक आपोआप जुळवून पाहील, चोरीला वावच उरणार नाही, असे सांगण्यात आले होते. त्यासाठी आखलेल्या तीन विवरणपत्रांपैकी दोन त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्थगित करावी लागली आणि तात्पुरते म्हणून आणलेले ‘३बी’ हे विवरणपत्र कायमचे होऊन बसले. दोन वर्षांनंतरही बिले जुळवण्याची मूळ व्यवस्था उभी राहिलेली नाही, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात ठेवला. दरम्यान छोट्या व्यापाऱ्यावर दररोज दोनशे रुपये विलंब शुल्क चढत होते. ओरड झाल्यावर ते दिवसाला पन्नास रुपयांवर आणि व्यवहारच नसलेल्यास वीस रुपयांवर आणले गेले. पहिल्या तीन महिन्यांचे तर माफच करावे लागले. फेब्रुवारी २०१८ मध्ये पोर्टलमध्ये शिरताच न आलेल्या एका कंपनीच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने ही व्यवस्था करदात्याला अनुकूल नसल्याचे सरकारला स्पष्ट शब्दांत सुनावले.

त्यातून बोध घेतला गेला काय? ७ जून २०२१ रोजी आयकराचे नवे पोर्टल सुरू झाले. विवरणपत्राची छाननी त्रेसष्ट दिवसांवरून एका दिवसावर आणण्याचा संकल्प होता आणि सुमारे ४,२४२ कोटी रुपयांच्या या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१९ मध्ये मंजुरी दिली होती. काम इन्फोसिस कंपनीकडे गेले. पहिल्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी खुद्द अर्थमंत्र्यांना कंपनीला जाहीरपणे विचारणा करावी लागली. ऑगस्टच्या २१ व २२ तारखांना तर पोर्टल बंदच होते. २३ तारखेस कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास दिल्लीत पाचारण करण्यात आले. ३१ जुलैची मुदत प्रथम ३० सप्टेंबर आणि मग ३१ डिसेंबर झाली. त्या अखेरच्या एका दिवसात ४६ लाखांवर विवरणपत्रे दाखल झाली. ती भरणाऱ्या हातांनी नववर्षाची पूर्वसंध्या कशी घालवली असेल, हे सांगावयास नको.

चार वर्षांनी, २०२५ साली, हाच खेळ पुन्हा झाला. नमुन्यांतील बदल आणि यंत्रणेची अपुरी तयारी ही कारणे देऊन मे महिन्यातच मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. काही नमुन्यांची भरणप्रणाली जुलै उजाडेपर्यंत उपलब्ध नव्हती. १५ सप्टेंबरला पोर्टल अडखळत राहिले, आणि मुदत संपता संपता रात्री उशिरा आणखी एकच दिवस वाढवून दिल्याची घोषणा झाली. सरकारची तयारी झाली नाही तर सरकार स्वतःला मुदतवाढ देऊ शकते. नागरिकाला ती मागावी लागते आणि मिळेल की नाही हे मध्यरात्रीपर्यंत कळत नाही.

या विषमतेचे आकडे कायद्यातच पाहावयास मिळतात. आयकर कायद्याच्या कलम २३४-फ खाली उशिरा विवरणपत्र भरणाऱ्यास पाच हजार रुपये शुल्क पडते. उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्यास एक हजार. कर थकला असल्यास दरमहा एक टक्का व्याज वेगळे. धंद्यातील तोटा पुढील वर्षी ओढण्याचा हक्कही उशीर झाला की जातो. याउलट सरकारकडे करदात्याचा परतावा अडकून पडला तर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देते. नागरिकाच्या उशिराची किंमत सरकारच्या उशिराच्या दुप्पट! आणि पोर्टल बंद पाडणाऱ्या उशिराची किंमत तर कोणालाच मोजावी लागत नाही. ज्या सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर खाली आणून वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडले, तेच सरकार पन्नास रुपये रोजाचे शुल्क मात्र काटेकोरपणे मोजते.

तथापि वेळ आणि पैसा यांच्या नासाडीहून गंभीर असा एक धोका या व्यवस्थेत दडलेला आहे. कायदा संसद करते. परंतु व्यवहारात कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार संगणकाच्या आज्ञावलीकडे सरकत चालला आहे. ५ जुलै २०२४ रोजी, भरणीचा हंगाम ऐन भरात असताना, विभागाने आपल्या प्रणालीत बदल केला. त्यानंतर शेअरच्या अल्पमुदतीच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर कलम ८७-अ ची सवलत मागण्याची सोयच उरली नाही. ही सवलत मिळते ती छोट्या उत्पन्नाच्या माणसाला. ती द्यावी की न द्यावी यावर मतभेद असू शकतात. पण त्यांचा निर्णय अधिकाऱ्यासमोर, अपिलात, न्यायालयात व्हावयास हवा. येथे मागणी करण्याची जागाच पुसून टाकली गेली. करसल्लागारांच्या संस्थेने जनहित याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये मुदत वाढविण्यास सांगितले आणि २४ जानेवारी २०२५ च्या निकालात, करदात्याचा दावा मांडण्याचा हक्क प्रणालीला हिरावून घेता येणार नाही, अशी भूमिका घेतली. पुढे सरकारने कायद्यातच दुरुस्ती केली, तो भाग वेगळा. दुरुस्ती करावी लागली यातच पूर्वीचा प्रश्न किती खुला होता हे दिसते. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, संस्था न्यायालयात गेली म्हणून हे उघडकीस आले. ‘सिस्टीम घेत नाही’ हे उत्तर ऐकून निमूटपणे कर भरून मोकळे झालेल्यांची गणना कोण करणार?

यंत्र चुकत नाही या श्रद्धेचे परिणाम कोठवर जातात, हे ब्रिटनने दाखवून दिले आहे. तेथील टपाल खात्यात फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली होती. तिने दाखविलेली तूट खरी मानून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उपडाकपालांवर खटले झाले. माणसे तुरुंगात गेली, देशोधडीला लागली. प्रणालीतच दोष होते हे न्यायालयाने मान्य करावयास २०१९ साल उजाडले. आपल्याकडे मामला अद्याप दंड आणि नोटिसांपुरता आहे, एवढेच.

२०२१ च्या गोंधळानंतर ‘पाञ्चजन्य’ या साप्ताहिकाने इन्फोसिसमागे राष्ट्रविरोधी शक्तींचा हात शोधला आणि संघाच्या प्रवक्त्यांना ते मत लेखकाचे असल्याचा खुलासा करावा लागला. या कारस्थानाच्या कथेने खरा प्रश्न मात्र झाकला गेला. सरकारने स्वतःच्या मूलभूत कामाची जाण स्वतःपाशी ठेवलीच नाही, हा तो प्रश्न आहे. १९७६ पासून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र सरकारपाशी होते. त्याला बळ देण्याऐवजी कामे बाहेर दिली गेली. वस्तू व सेवा कराचे जाळे चालविणारी संस्था तर आरंभी ५१ टक्के बिगरसरकारी वित्तसंस्थांच्या मालकीची होती. ती पूर्णपणे सरकारी करण्याचा निर्णय २०१८ साली घ्यावा लागला. पण मालकी सरकारी झाली तरी तंत्रज्ञान ठेकेदाराचेच राहिले. ठेकेदार चुकला की मंत्री त्याला बोलावून घेतात, तो मुदत मागून घेतो, आणि दरम्यानचे व्याज इतवारीतील दुकानदार भरतो.

यावर असे म्हटले जाईल की, समाजवादी आणि कामगार संघटनांनी संगणकाला विरोधच केला होता. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात संगणकाविरुद्ध लढा दिला, हे खरे आहे. परंतु आजचा प्रश्न यंत्र हवे की नको, हा नव्हे. हेलपाटे, बाबूची मनधरणी आणि वर्षानुवर्षे रखडणारा परतावा ही जुनी व्यवस्था कोणालाही परत नको आहे. संगणकामुळे लाखो पगारदारांना आठवड्या-दोन आठवड्यांत परतावा मिळू लागला, हे मान्यच केले पाहिजे. प्रश्न आहे तो यंत्रावर हुकमत कोणाची आणि ते बिघडल्यावर भार कोणावर, हा. डॉ. लोहियांनी राज्यकारभार लोकभाषेत चालावा असा आग्रह धरला, तो जनतेला सत्तेच्या दारातून परत जावे लागू नये म्हणून. त्रुटीचा संदेश इंग्रजीत, नियमही इंग्रजीत आणि विचारायला समोर माणूसच नाही, हे त्या दाराचेच नवे रूप आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. पोर्टल बंद पडल्याची प्रत्येक तासाची नोंद सरकारने आपणहून जाहीर करावी आणि तेवढी मुदत अर्ज-विनंतीशिवाय वाढावी. सर्व नमुने व त्यांची प्रणाली वर्षारंभी तयार असावी. ती जितकी उशिरा येईल तितके दिवस मुदत आपोआप पुढे जावी, हे नियमातच लिहिले जावे. प्रणाली दावा स्वीकारीत नसेल तर तो कागदावर दाखल करण्याचा हक्क असावा. थकबाकीवर आणि परताव्यावर व्याजाचा दर एकच असावा. ठेकेदारावर किती दंड बसला, हे संसदेपुढे दरवर्षी यावे. १ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख ठरविताना सरकारने सुलभतेचे आश्वासन दिले आहे. त्या आश्वासनाची कसोटी कलमांच्या संख्येवर नव्हे, तर या गोष्टींवर लागली पाहिजे.

कार्यकर्त्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. छोटा व्यापारी आणि त्याचा हिशेबनीस यांना उजव्या पक्षांचे हक्काचे मतदार समजून सोडून देण्याची जुनी सवय टाकावयास हवी. नागपूरच्या शाखेने येत्या हंगामात एक साधी वही ठेवावी: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते काम अडले आणि त्यापायी किती शुल्क भरावे लागले. करसल्लागार व व्यापारी संघटनांकडून, तसेच त्यांच्या कार्यालयांतील कारकुनांकडून ही माहिती मिळेल. ती खासदारांपुढे ठेवावी आणि त्यांनी ती लोकसभेत मांडेपर्यंत पाठपुरावा सोडू नये.