चिठ्ठी नको, बेरा पाठवा

३ मार्चचा जागतिक श्रवण दिन याही वर्षी फलक आणि भाषणांत गेला. नवजात बाळाचे कान तपासा, हा संदेश आता पोचलाय. तपासणीत नापास झालेल्या बाळाचं पुढं काय होतं, हा खरा प्रश्न मात्र तसाच पडून आहे. पहिली ओएई चाचणी सोपी असते. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची नळी ठेवायची, बारीक आवाज सोडायचा आणि आतल्या कानाचा प्रतिसाद टिपायचा. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात ओल असली तरी बाळ नापास होतं, म्हणून चाचणी पुन्हा करायची आणि तरीही शंका राहिली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे इलेक्ट्रोड लावून पाहणारी चाचणी. जगभर पाळला जाणारा दंडक सांगतो, महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपचार. तो उगाच केलेला नाही. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा सरस असते, हे कोलोराडोतल्या अभ्यासानं १९९८ सालीच दाखवलं.

आपल्याकडं मात्र बेरा म्हणजे हातात चिठ्ठी आणि ‘सीपीआरला जा’, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात. चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं. एसटीत झोप काढून आलेलं बाळ तिथं टक्क जागं असतं, मग पुढची तारीख मिळते. तोवर बाळंतीण माहेरी गेलेली असते आणि रजिस्टरात पत्ता सासरचा. माहेर बेळगावकडचं असेल तर राज्यच बदलतं. ऊसतोड मजुरांची कोपी तर हंगाम संपला की उठते. अशा आईला ‘पालकांची उदासीनता’ म्हणून दोष देणं अन्यायाचं आहे.

तामिळनाडूत हीच वाट उलट्या दिशेनं चालून पाहिली गेली. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या पहिली चाचणी करत. नापास मुलाचा बेरा गावात आलेल्या गाडीत होई. कार्यकर्ती कपाळाला आणि कानामागं इलेक्ट्रोड चिकटवी. यंत्र चालवणं आणि आलेख वाचणं हे काम ऑडिओलॉजिस्ट चेन्नईतून करी. जोडणीसाठी उपग्रह वापरला होता. समोर बसून काढलेले आणि दुरून काढलेले आलेख ताडून पाहिले, तेव्हा दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. हे २०१३ साली प्रसिद्ध झालंय. मला या प्रयोगात तंत्रापेक्षा क्रम मोलाचा वाटतो. तिथं बाळ झोपेपर्यंत तज्ज्ञाला थांबावं लागे. आपल्याकडं तज्ज्ञ मोकळा होईपर्यंत आई थांबते.

घाटात रेंज नाही, हा आक्षेप खरा आहे. पण आलेख नोंदवून रेंज मिळाल्यावर पाठवता येतो. गावातल्या बायकांना हे जमेल का, असं महाराष्ट्रानं तरी विचारू नये. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं नवजात बाळांची काळजी गावातल्या स्त्रियांच्या हाती दिली, बालमृत्यू घटले, आणि ते १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आज आशा घरोघरी नवजात बाळ पाहायला जाते, ती त्याच कामाची पुढची पायरी. श्रवणयंत्राचा साचा दुरून घेता येत नाही, हेही मान्य. त्यासाठी कोल्हापूरला यावंच लागेल, पण निदान हातात घेऊन, खात्रीच्या कामासाठी. शिवाय सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला बाळ लसीसाठी येतंच, मग ते माहेरी असो वा सासरी. निदानाची मुदतही नेमकी याच काळात येते. बेराचं यंत्र लसीकरणाच्या दिवशी तिथं पोचलं, तर वेगळ्या फेरीची गरजच उरत नाही.

माझं जुनं म्हणणं इथंही लागू आहे. आपल्याकडं यंत्राला निधी मिळतो, ते चालवणाऱ्या माणसाचं पद रिकामं राहतं. पडद्यापलीकडं ऑडिओलॉजिस्टच नसेल तर टेलिमेडिसिन कुणाशी जोडणार? म्हणून जिल्हा परिषदेनं गाडीची निविदा काढण्याआधी ऑडिओलॉजिस्टचं पद भरून घ्यावं, त्याच्या आठवड्यातले दोन दिवस फक्त दुरून बेरा करण्यासाठी राखावेत आणि सुरुवात चंदगड, शाहूवाडी, गगनबावड्यापासून करावी.