यादी फोडताना

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घराघरांतून याद्या निघतात. किराणा, कपडे, फराळाचे डबे कोणाकडे पोचवायचे, अंक कोणकोणते घ्यायचे! ज्या गृहिणीने रवा, मैदा, तूप एका चिटोऱ्यावर, पणत्या-रांगोळी दुसऱ्यावर आणि उटणे-साबण तिसऱ्यावर उतरवून एकेक चिटोरा घरातल्या एकेकाच्या हाती दिला, तिने एका यादीच्या तीन याद्या केल्या. संगणकाकडून हेच काम करून घ्यायचे तर दहा-पंधरा ओळींची आज्ञावली लिहावी लागते. तिला हल्लीची मुले स्क्रिप्ट म्हणतात. या खेपेस ती स्क्रिप्ट चालते कशी ते पाहू. मात्र उदाहरणाला रवा-मैदा न घेता रायगडच्या किनाऱ्यावरची आडनावे घेऊ. कारण तेथे यादी चुकली तर बिघडते ते फराळाहून मोठे असते.

अलिबागजवळ नवगाव आहे. त्या किनाऱ्याला एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. ही मंडळी किनाऱ्यावरच्या गावोगावी पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. भाषा मराठी, आणि आडनावे राहत्या गावांवरून: पेणकर, रोहेकर, झिराडकर, नवगावकर, दिवेकर, आवासकर, वाकरूळकर. अशी ‘कर’वाली आडनावे शंभरावर भरतात. १९४८ साली इस्राएलची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षांत यांतली बहुतेक घरे तिकडे गेली. अश्दोद, बीरशेबा, दिमोना, लोद येथे वसली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघाले.

आता समजा, तिकडच्या एखाद्या नातवाला आजोबांच्या वहीत दोन हजार नावांची यादी सापडली. मुंज नाही, बारसे नाही, सुंता, लग्ने, मयत, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहिलेली. त्याला हवी आहेत गाववार पाने: पेणचे एक, रोह्याचे एक, किहीमचे एक.

टपाल कचेरीत पत्रे लावताना कारकुनासमोर खण असतात. तो एकेक पत्र उचलतो, पत्ता वाचतो आणि त्या खणात टाकतो. ज्या गावाचा खण नाही त्याला नवा खण देतो. स्क्रिप्ट नेमके हेच करते. यादीची एक ओळ वाचायची, तिच्यातून गावाचे नाव काढायचे, त्या नावाच्या खणात ती ओळ ठेवायची. सगळी यादी संपली की प्रत्येक खणातल्या ओळी अकारविल्हे लावायच्या आणि खणाचेच नाव देऊन एकेक साधी टेक्स्ट फाइल लिहायची. पायथनसारख्या भाषेत हे एका चहाच्या वेळात लिहून होते.

येथे एक सूचना. ओळ वाचली की लगेच त्या गावाच्या फाइलीच्या शेवटी चिकटवावी, असा सोपा मार्ग पुष्कळ जण धरतात. पहिल्या वेळी सारे ठीक दिसते. दुसऱ्यांदा स्क्रिप्ट चालवली की पेणच्या फाइलीत प्रत्येक माणूस दोनदा येतो, तिसऱ्यांदा तीनदा. म्हणून आधी सारे खणांत जमवावे आणि फाइल एकदाच, कोरी करून लिहावी. मूळ वहीच्या फाइलीला हात लावू नये; आणि प्रत्येक ओळीला वहीतला तिचा क्रमांक जोडावा, म्हणजे कोणापाठोपाठ कोणाचे लग्न झाले हा क्रम हरवत नाही.

मात्र ओळीतून गाव काढायचे कसे? आडनावातला ‘कर’ छाटावा, उरेल ते गाव, असे कोणीही म्हणेल. पेणकरचे पेण मिळते, झिराडकरचे झिराड. रोहेकर आला की ‘रोहे’ उरते आणि गाव तर रोहा. कोर्लेकर कोर्लईचे, अष्टमकर रोह्याजवळच्या अष्टमीचे. मराठी माणूस हे सामान्यरूप जिभेनेच ओळखतो. यंत्राला जीभ नाही. आणि छाटण्याचा उत्साह वाढला की भास्कर, मधुकर, दिवाकर ही बापाची नावेही तडाख्यात सापडतात, आणि ‘मधु’ व ‘दिवा’ नावाची दोन नवी खेडी रायगड जिल्ह्यात वसतात! यावर उपाय म्हणजे दुसरी एक छोटी यादी: डावीकडे आडनाव, उजवीकडे गाव, हाताने, विचारून लिहिलेली. कंटाळवाणे काम आहे खरे. पण आमच्या मते सगळ्या उद्योगातली खरी विद्या त्या यादीतच असते, स्क्रिप्टमध्ये नव्हे.

लेखनाच्या तऱ्हा निराळ्याच. कोणी किहीम लिहितो, कोणी केहीम. समाजाचा इतिहास १८९७ साली लिहिणारे हाईम सॅम्युएल आपले आडनाव केहिमकर असे लावीत. तो ग्रंथ १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. चौलचे चेऊलकर. याशिवाय डोळ्यांना न दिसणारे दोष असतात: ‘पेण’पुढे एक मोकळी जागा पडली की यंत्राच्या लेखी ते वेगळे गाव ठरते आणि पेणच्या दोन फाइली तयार होतात. ‘ॲ’ हे अक्षर तर दोन रीतींनी उमटते, दिसायला एकच, आत दोन. ‘दिवे/आगर’ असे तिरकी रेघ देऊन लिहिले तर पुष्कळ यंत्रे त्या रेघेला कप्प्याची खूण समजतात आणि ‘दिवे’ नावाचा कप्पा शोधत अडून बसतात.

अकारविल्हे लावणे, ही तर गमतीचीच गोष्ट. यंत्र अक्षरांना आकड्यांनी ओळखते, आणि यूनिकोडच्या कोष्टकात ‘ळ’चा आकडा ‘ल’च्या लगोलग येतो. शाळेत आपण तो ‘ह’नंतर घोकला. त्यामुळे यंत्र मळेकरांना महाडकरांच्या आधी बसवते; मराठी क्रमाने महाडकर आधी. ‘क्ष’ला यंत्र स्वतंत्र अक्षर मानीतच नाही, त्याला ‘क’ला जोडलेला ‘ष’ दिसतो. म्हणून अक्षी अलिबागच्या आधी येते. वर्णमालेप्रमाणे ती नंतर यायला हवी. ‘ॲ’ कोष्टकात मागाहून, २००८ साली आला, तो ‘ह’च्याही पलीकडे, एका अक्षराने लिहिलेले सगळे ॲरन यादीच्या तळाशी जाऊन बसतात. आकडेही तसेच. घर क्रमांक १० हा २च्या आधी, कारण यंत्र पहिले चिन्ह पाहते आणि १ हा २पेक्षा लहान. आकड्याला आकडा म्हणून वाचायला सांगावे लागते. मराठीचा क्रम जाणणारे आयसीयू नावाचे साधन फुकट मिळते, ते जोडले की ‘ळ’ आणि ‘क्ष’ आपापल्या जागी जातात.

एवढे करूनही कोणते नाव कोणत्या खणात, हा प्रश्न पुष्कळदा उरतोच. ‘बूट पॉलिश’ (१९५४) पाहिलेल्यांना त्यातले जॉनचाचा आठवत असतील. पडद्यावर नुसते डेव्हिड. पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग आहे. १९३७-३८ साली महापौर असलेल्या या गृहस्थांचे आडनाव राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवरून राजपुरी गळली. पुष्कळ घरांनी असेच बापाचे नाव आडनावासारखे लावले, आणि तेथे ‘कर’ छाटायला शिल्लकच नाही. जुन्या पिढीत तर बेंजामिनचा बुनाजी, अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा समाजी होई. एकच माणूस सुंतेच्या नोंदीत एका नावाने आणि लग्नाच्या नोंदीत दुसऱ्या नावाने. उलट, दिवेकर दिसला की तो बेने इस्राएलच असेल असेही नाही. त्याच गावावरून आडनाव घेतलेली हिंदू घरे आहेत. गाववार फाइलीत दोघे शेजारी येतात, पूर्वी गावातही ते शेजारीच होते.

वाचकांना वाटेल, एवढा काथ्याकूट कशासाठी? १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या मंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्राएल वधूवर आले तर त्यांची आई, आजी, जमेल तितक्या मागे जाऊन तपासा. कोकणातून गेलेल्या मुलींना लग्नाच्या तोंडावर आजीचे कूळ सिद्ध करायला सांगितले गेले. समाज चिडला, यरुशलेममध्ये निदर्शने झाली, आणि १९६४ साली तेथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदीच आहेत. तेव्हा ती सूचना मागे पडली.

हे ध्यानात घेऊन पुन्हा आपल्या खणांकडे पाहा. यहुदी धर्मशास्त्र वंश आईकडून मोजते. आपली मराठी आडनावे मात्र बापाकडून चालतात आणि लग्नात मुलगी नवऱ्याचे आडनाव घेते. गाववार फोडलेल्या यादीत झिराडची मुलगी पेणला दिली की ती पेणच्या फाइलीत जाते आणि झिराडमधून नाहीशी होते. ज्या आजीचा शोध घ्यायचा, नेमकी तीच यंत्राने हरवलेली असते! म्हणून अशी यादी फोडताना एक ओळ एकाच खणात जाते हा टपाल कचेरीचा नियम मोडावा. प्रत्येक स्त्रीची ओळ सासरच्या गावात आणि माहेरच्या गावात, दोन्हीकडे लिहावी. स्क्रिप्टमध्ये त्यासाठी एकच ओळ वाढते. वहीत माहेर लिहिले नसेल तर मात्र स्क्रिप्टचा इलाज चालत नाही.

जुन्या नोंदींत जिल्हा ‘कुलाबा’ असेल; १९८१ साली त्याचे नाव रायगड झाले, तेव्हा ते दोन जिल्हे समजू नयेत.

शेवटी एक खण हमखास ठेवावा, त्याला ‘बाकी’ म्हणावे. ज्या ओळीतून कोणतेच गाव निघाले नाही ती गुपचूप गाळणारी स्क्रिप्ट बिनकामाची. तशी प्रत्येक ओळ ‘बाकी’त गेली पाहिजे, आणि सर्व फाइलींतल्या वेगवेगळ्या क्रमांकांची संख्या वहीतल्या ओळींइतकी भरली पाहिजे. ती भरली की ‘बाकी’ची फाइल कागदावर मोठ्या टाइपात छापून घ्यावी. अलिबागला इस्राएल आळी आहे, तेथे ‘मागेन अबोथ’ हे प्रार्थनामंदिर आहे. कागद तेथे घेऊन जावे, सोबत पेन्सिल न्यावी, आणि आसपासची वडीलधारी मंडळी, मग ती कोणत्याही धर्माची असोत, फुरसतीत असतील अशी वेळ गाठावी. बुनाजी कोणाचा, हे तीच सांगतील.