उत्तम बर्गर कोणी ठरवावा?

आपल्या भागात सर्वांत चांगला बर्गर कोणाचा, हा वाद पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांत आणि कंपन्यांच्या बसगाड्यांत मोठ्या निष्ठेने चालतो. कोणी निगडीच्या एका हातगाडीची बाजू घेतो, कारण तेथे पाव लोण्यावर खरपूस भाजून देतात. कोणाला चिंचवड स्टेशनजवळचा गाडा प्रिय, कारण गिऱ्हाईक समोर उभे राहिल्याखेरीज तेथे टिक्की तेलात पडत नाही. पुण्याच्या लष्कर भागात ज्याचे बालपण गेले, तो ईस्ट स्ट्रीटचे नाव काढून बाकीच्या सर्वांना एका वाक्यात निकालात काढतो. मग एखादा वडापावाचा अभिमानी विचारतो, की पावात बटाटा घालून खाण्याची युक्ती परदेशातून आणण्याचे कारणच काय होते? मुद्दा बिनतोड आहे. आपला वडापाव हा बर्गरचाच सख्खा भाऊ, आणि या लेखात त्या दोघांत पंक्तिप्रपंच करण्याचा विचार नाही.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने असल्या खाद्यचर्चेकडे कानाडोळा करावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु या विषयाला अर्थशास्त्रात चांगली प्रतिष्ठा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली सदोष मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात ते भागीदार झाले, ते मुख्यतः त्या निबंधामुळे. मालाची खरी प्रत विकणाऱ्यास ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते. अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, असे त्यांचे प्रतिपादन. त्याच निबंधात ओघाने हॅम्बर्गरही येऊन जातो. एकाच नावाची साखळी-उपाहारगृहे अमेरिकेत प्रामुख्याने महामार्गांवर का दिसतात? तर तेथे येणारा मनुष्य बहुधा परगावचा असतो. त्याच्या दृष्टीने साखळीतला बर्गर हा कोणत्याही सर्वसाधारण स्थानिक दुकानापेक्षा बरा. ज्याला आपला परिसर ठाऊक आहे, त्याला मात्र आपल्या पसंतीचे दुकान निवडता येते.

वाटसरू आणि रहिवासी हा भेद आपल्या औद्योगिक पट्ट्यास लावून पाहिला, म्हणजे वादाचे मर्म ध्यानात येते.

पिंपरी-चिंचवड हे गावच मुळी महामार्गावर वाढले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, पुढील दशकात बजाज आणि टेल्को आल्या, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे लोटली. ती सारी प्रथम वाटसरूच होती. पण नोकरी कायम झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले, कोणी भूखंड घेतला, कोणी चाळीतच संसार थाटला. मुले येथल्या शाळांत गेली. १९८२ साली महानगरपालिका झाली, तोवर हा मनुष्य पुरता येथला झाला होता. कोणत्या गाड्यावरचे तेल ताजे आणि कोणत्या बेकरीचा पाव दुपारी चारला येतो, हे ज्ञान जुन्या कामगाराकडून नव्याकडे पाळी सुटता सुटता जाई. ते कोठेही लिहिलेले नव्हते. पण त्याच्या धाकाने गाडेवाला सरळ राहत असे. आज एखादे गिऱ्हाईक नाराज होऊन गेले, तर उद्या त्याचा सारा विभाग येणार नाही, एवढे अर्थशास्त्र गाडेवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

चाकणची गोष्ट निराळी. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने तेथे उभे राहिले, इतरही अनेक आले, आणि कामगारांची मोठी लाट पुन्हा एकदा आली. परंतु या वेळच्या लाटेतील फार मोठा हिस्सा कंत्राटी कामगारांचा, प्रशिक्षणार्थींचा. बीडहून किंवा गोरखपूरहून आलेला तरुण महाळुंगे-निघोजेच्या परिसरात पाचसहा जणांसह एक खोली घेतो, आणि बहुधा वर्ष भरण्याच्या आत त्याचे कंत्राट संपते. राहतो तो गावात, पण अकरलॉफ यांच्या अर्थाने तो महामार्गावरचा प्रवासीच. रात्रपाळी संपवून तळेगाव रस्त्यावर उभा राहिला, की त्याच्यापुढे दोनच पर्याय असतात. एक तर दिव्यांनी उजळलेली ओळखीची पाटी, जेथील बर्गर त्याच्या खिशाला सहसा परवडत नाही; नाही तर सर्वांत जवळचा गाडा. आणि त्या गाडेवाल्यालाही पक्के माहीत असते, की हा चेहरा पुढल्या वर्षी दिसावयाचा नाही. मग तळणाचे तेल आणखी एक दिवस चालवण्याचा मोह त्याने का आवरावा? तेलातील पोलर घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. पण हे प्रमाण मोजण्याचे साधन काही गिऱ्हाइकाच्या खिशात नसते. त्याचे साधन म्हणजे जीभ, आणि जिभेला तुलना करण्यासाठी पुष्कळ संध्याकाळी लागतात. त्या संध्याकाळी कंत्राटाने काढून घेतल्या आहेत.

साखळी-दुकानांवर येथे राग काढण्याचे प्रयोजन नाही. तेथे स्वच्छता असते, दर लिहिलेला असतो, आणि उशिरा सुटणाऱ्या मुलींना निर्धास्तपणे बसता येते. ही सोय थोडी नव्हे. मात्र 'उत्तम कोणाचा' हा प्रश्न साखळीच्या बाबतीत संभवतच नाही, कारण एका शाखेचा बर्गर दुसरीपेक्षा वेगळा निघणे हाच तेथे दोष! 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने १९८६ साली बिग मॅकच्या किमतीवरून चलनांची तुलना सुरू केली, ती या एकसारखेपणाच्याच भरवशावर. भारतात गोमांसाचा बिग मॅक नसल्याने त्यांना महाराजा मॅकवर भागवावे लागले, हा भाग निराळा.

स्थानिक दुकानाचे नाव कसे तयार होते आणि त्याची मालकी कोणाची, हा प्रश्न पुण्यात थेट न्यायालयात गेला. ईस्ट स्ट्रीटवरचे 'बर्गर किंग' हे उपाहारगृह १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपासून त्या नावाने चालत आले आहे. अमेरिकेत १९५४ साली सुरू झालेल्या त्याच नावाच्या कंपनीने २०११ साली त्यावर दावा लावला. कंपनीच्या नावाची भारतातील नोंदणी १९७९ ची. पण तिचे पहिले दुकान येथे उघडले ते २०१४ साली. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. पुण्याच्या दुकानाचा वापर आधीचा आहे आणि ग्राहकांची फसगत झाल्याचा पुरावा नाही, असे न्यायालयास आढळले. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईस स्थगिती दिली. कायद्याचा कीस न्यायालये काढतीलच. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच, की रजिस्टरातील नोंदीपुढे गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेले नाव उभे राहू शकते, हे एका न्यायासनाने मान्य केले. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यातही आधीपासूनच्या वापरास संरक्षण आहे.

हातगाडीचे काय? तिला पाटी नसते. 'टाकीखालचा', 'दोन नंबर गेटचा' अशी तिची नावे; म्हणजे तिचा चौक हेच तिचे व्यापारचिन्ह. अतिक्रमणविरोधी पथकाने गाडा उचलून दीड किलोमीटर पलीकडे नेला, तर गाडा शिल्लक राहतो, पण वीस वर्षांत मिळवलेले नाव जागेवरच राहते. कारखान्याने दार बंद केले तरी परिणाम तोच. बजाजने आकुर्डीतील उत्पादन २००७ साली थांबविले, तेव्हा कामगारांच्या भरपाईची चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी होती. दारावरच्या गाड्यांचेही गिऱ्हाईक त्याच दिवशी गेले, याची नोंद कोणत्याच ताळेबंदात झाली नाही.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली झालेल्या कायद्याने पन्नास वर्षांहून जुन्या बाजारांस वारसा-बाजार म्हणून अभय दिले आहे. पिंपरीतील काही जुन्या कोपऱ्यांना त्याचा लाभ कदाचित होईल. चाकणच्या कारखान्यांच्या दारांना अजून तीस वर्षेही झालेली नाहीत. याच कायद्याप्रमाणे विक्रेत्यांची पाहणी निदान पाच वर्षांतून एकदा करावयाची असते. पालिकेने त्या पाहणीत प्रत्येक गाडा सध्याच्या जागी किती वर्षे उभा आहे, याचा स्वतंत्र रकाना ठेवावा. आणि गाडा हलवणे अटळच झाले, तर नवी जागा देताना जुन्या चौकापासूनचे अंतर सर्वांत कमी त्याला मिळावे, ज्याची त्या रकान्यातील वर्षे सर्वांत अधिक.