निकालाआधी टायपिंग

मुलांचा निकाल लागला की आपण पेढे वाटतो आणि मग विचारतो, "आता पुढे काय?" हा प्रश्न दोन वर्षे आधी विचारायला हवा.

आमच्या शेजारच्या ताईंनी चार घरची धुणीभांडी करून मुलीला बी.ए. केले. मुलगी एका कचेरीत मुलाखतीला गेली. तिला संगणकावर मराठी अर्ज टाईप करायला सांगितला. मोबाईल सराईतपणे चालवणारी ती पोर तिथे अक्षरे शोधत बसली. पदवी होती, सराव नव्हता.

शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचा वेग लागतो. तो आठवड्यात येत नाही. रोज तासभर, कित्येक महिने बोटे चालवावी लागतात. 2001 साली सुरू झालेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रमही जाहिरात निघण्यापूर्वीच करून ठेवावा. मात्र प्रमाणपत्रावर थांबू नये. पत्र लिहिणे, तक्त्यात बेरीज मांडणे, ई-मेलला कागद जोडणे स्वतःच्या हाताने जमले पाहिजे.

फीची अडचण खरी आहे. म्हणून वस्तीत ज्यांच्या घरी संगणक आहे, त्यांनी शेजारच्या मुलांना संध्याकाळी तासभर बसू द्यावे. ताईंची मुलगी आता रोज सरावाला जाते. आपल्या मुलांना मात्र अकरावीतच बसवा.