निगेटिव्ह आले म्हणजे सुटलो, असे नव्हे



एका संध्याकाळी ओळखीतला एक तरुण आपल्या आईचा रिपोर्ट घेऊन आमच्याकडे आला. आईच्या अंडाशयातली गाठ काढली होती व तिचा तुकडा तपासला होता. चार पाने, सगळी इंग्रजीत. मुलाने एका ओळीवर बोट ठेवले. 'पी-५३ : निगेटिव्ह'. "काका, निगेटिव्ह म्हणजे चांगलेच ना?" आम्ही चष्मा लावला, ओळ वाचली आणि ठामपणे सांगितले, "हो रे बाळा, चांगलेच." त्याच ओळीत पुढे 'नल पॅटर्न' असे दोन शब्द होते. ते कळले नाहीत म्हणून आम्ही सोडून दिले. मुलगा हसत घरी गेला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले, आम्ही साफ चुकीचे सांगितले होते. त्या शरमेपोटी आम्ही हा विषय जाणत्यांकडून समजून घेतला. तोच आज मांडतो.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन होताना आतल्या डीएनएची नक्कल होते. क्ष-किरण, उन्हातले अतिनील किरण, तंबाखूचा धूर यांनी डीएनएला इजा होते. इजा झालेल्या पेशीने तसेच पुढे जाऊ नये म्हणून निसर्गाने तपासणी नाके ठेवले आहेत. त्यातल्या एका महत्त्वाच्या नाक्यावरचा पहारेकरी म्हणजे पी-५३ हे प्रथिन. इजा दिसली की ते पेशीला थांबवते आणि दुरुस्तीला वेळ देते. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावते. डेव्हिड लेन या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात त्याला जनुकसंचाचा राखणदार म्हटले. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हा राखणदारच बिघडलेला सापडतो.

पण एवढे सूक्ष्म प्रथिन दिसावे कसे? त्यासाठी प्रतिपिंड वापरतात. बाहेरचे काही अंगात शिरले की शरीर त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार करते. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर व सेझार मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली आणि एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची युक्ती काढली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पी-५३ ओळखणारे डीओ-१ आणि डीओ-७ हे प्रतिपिंड याच युक्तीने बनले. ते १९९२ मध्ये जाहीर झाले आणि आजही वापरात आहेत.

मुळात पी-५३ सापडले तेही प्रतिपिंडामुळेच. १९७९ मध्ये एका विषाणूने गाठी झालेल्या प्राण्यांच्या रक्तातले प्रतिपिंड वापरून शास्त्रज्ञ विषाणूचे प्रथिन बाहेर ओढत होते. त्याला बिलगून दुसरेच एक प्रथिन आले. त्याचे वजन ५३ हजार डाल्टन भरले, म्हणून नाव पडले पी-५३. गंमत म्हणजे पुढची दहा वर्षे ते कर्करोग घडवणारे प्रथिन समजले गेले, कारण हाती लागलेले नमुने बिघडलेल्या पी-५३ चे होते. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला. ज्याला चोर म्हटले तो राखणदार निघाला!

म्हणूनच प्रयोगशाळेत प्रतिपिंडाच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. तो भलत्याच प्रथिनालाही चिकटू शकतो. त्याची परीक्षा अशी: एच-१२९९ नावाच्या पेशींत पी-५३ तयारच होत नाही. तिथे प्रतिपिंडाने 'सापडले' म्हणून पट्टी दाखवली तर समजावे, तो खोटे बोलतो. उलट, चांगल्या पेशींवर किरणे सोडली की पी-५३ वाढते, तेव्हा पट्टी जाड दिसली पाहिजे. या दोन्ही कसोट्यांना उतरेल त्याचीच साक्ष ग्राह्य.

आता रिपोर्टकडे येऊ. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन प्रतिपिंड घालतात. तो जिथे चिकटतो तिथे तपकिरी रंग उमटतो. निरोगी पेशीत पी-५३ बनते आणि लगेच मोडीत निघते, म्हणून कुठे फिका, कुठे जरा गडद असा विखुरलेला रंग दिसतो. बिघडलेले पी-५३ बहुधा मोडत नाही, साठून राहते, म्हणून रंग सर्वत्र गडद येतो. पण कधी बिघाड असा असतो की प्रथिन तयारच होत नाही. मग गाठीच्या पेशी कोऱ्या राहतात आणि शेजारच्या चांगल्या पेशींत मात्र फिका रंग असतो. यालाच 'नल पॅटर्न' म्हणतात. शेजारीही रंग नसेल तर तपासणीच फसली, ती पुन्हा करावी लागते. म्हणजे इथे 'निगेटिव्ह' याचा अर्थ रोग नाही असा नसून, पहारेकरी जागेवर नाही असा होता. अंडाशयाच्या एका जलद वाढणाऱ्या कर्करोगात तर पी-५३ चा बिघाड जवळजवळ प्रत्येक रुग्णात आढळतो.

त्या माउलीचे उपचार वेळेत सुरू झाले, हे नशीब. आम्ही त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. मुलगा काही बोलला नाही, चहा मात्र दिला.

तेव्हा वाचकहो, घरात असा कागद आला तर आमच्यासारख्या चार बुकं शिकलेल्याकडे अर्थ विचारू नका. डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा: ही तपासणी कशासाठी केली? आमच्या रोगात या शब्दाचा अर्थ काय? यामुळे उपचारात काय बदलेल? हे विचारताना लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. आणि आमच्यासारख्यांनी, ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असे म्हणायला शिकावे.