चित्राबरोबर त्याचे आकडेही जपा

फ्लॉवर निवडताना एक तुरा मोडून बघा. तो अख्ख्या गड्ड्यासारखाच दिसतो. त्याचा आणखी लहान तुरा मोडा, तोही तसाच. अशा आकारांना फ्रॅक्टल म्हणतात. हे नाव बन्वा मँडेलब्रो या गणितज्ञाने १९७५ मध्ये दिले. अशी चित्रे कॉम्प्युटरवर घरबसल्या करता येतात. चित्रकलेत हात नाही म्हणून तुम्ही लांब राहिला असाल, तर हा छंद तुमच्यासाठीच आहे.

गणिताची धास्ती घेऊ नका. एक संख्या घ्यायची, तिचा वर्ग करायचा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची. आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग. हे शेकडो वेळा करण्याचे कष्ट कॉम्प्युटरचे. उत्तर आवाक्यात राहते की किती लवकर हाताबाहेर जाते, त्यावरून एकेका ठिपक्याचा रंग ठरतो. तुमचे काम निवडीचे. कुठे थांबायचे, चौकटीत काय घ्यायचे, रंग कोणते द्यायचे. माझ्या मते चित्रकाराचे अर्धे काम हेच असते.

पैसे आत्ताच घालू नका. घरातला जुना लॅपटॉप पुरेल. एक्स-ए-ओ-एस या अक्षरांनी लिहिला जाणारा 'केऑस' हा प्रोग्राम मोफत मिळतो. घनाकृती करायच्या असतील तर 'मँडेलबल्बर'ही मोफत आहे. मात्र प्रोग्राम तो बनवणाऱ्यांच्याच साइटवरून उतरवा. दिसेल ते 'डाउनलोड'चे बटण दाबलेत, तर नको ते काहीतरी कॉम्प्युटरमध्ये शिरेल.

'केऑस' उघडलात की एक मोठा काळा आकार दिसेल, आडव्या हृदयाचा. त्याच्या डावीकडे एक काळा गोल चिकटलेला असतो. दोघांच्या मधल्या खाचेवर माउस न्या आणि डावे बटण दाबून धरा. आत शिराल तशा वळलेल्या शेपट्यांच्या रांगा उलगडतील. या जागेला समुद्रघोड्यांची दरी म्हणतात. घाई करू नका. आणखी खोल गेलात, तर एखाद्या शेपटीच्या आत तोच मूळचा काळा आकार कणभर होऊन बसलेला सापडेल. आपल्या हाताने तो शोधण्याचा आनंद काही वेगळाच!

बारकावे पुसट झाले, काळे डाग पसरले, तर मेनूतून 'इटरेशन्स' वाढवा. फार खोलात चौकोनी ठोकळे दिसू लागले, तर मागे या. कॉम्प्युटर आकड्यांचे ठरावीकच अंक धरून ठेवतो, तुमचे काही चुकलेले नाही.

'पी' दाबलेत की रंग बदलतात. सगळेच रंग भरण्याचा मोह आवरा. चित्र एकदा काळे-पांढरे करून बघा. तेव्हाही आकार उठून दिसला, तर रचना पक्की आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आवडलेल्या जागेचे नुसते चित्र साठवू नका. त्या जागेचे आकडे आणि सेटिंग ज्यात असतात ती छोटी फाईलही साठवा. नाव द्या, तारीख घाला, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. ती फाईल नसेल, तर पुन्हा तीच जागा सापडणे जवळजवळ अशक्य. शिवाय ए-फोर कागदावर स्वच्छ छपाईसाठी साधारण २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात. पडद्यावरचे लहान चित्र ताणलेत तर ते फाटते. फाईल असली, की तेच चित्र हव्या त्या आकारात नव्याने काढता येते.

मोठे चित्र तयार व्हायला कधीकधी तास लागतात. तेवढा वेळ लॅपटॉप टेबलावर ठेवा. गादीवर ठेवू नका, हवा कोंडते आणि तो तापतो. उन्हाळ्यात तर जास्तच जपा.

कोणी आपल्या सेटिंगची फाईल तुम्हाला दिली, तर चित्राखाली त्यांचे नाव लिहा. विकण्याआधी त्यांना विचारा.

छपाईला देताना आधी एक छोटी प्रत काढा. पडद्यावरचा झगमगता निळा कागदावर हमखास मंदावतो. ती प्रत दिवसाच्या उजेडात बघा, घरच्यांना दाखवा आणि रंग पटले तरच मोठी काढायला सांगा.