घरीच तर केलाय ना?

सोलापुरात केकची किंमत पाडायला फार डोकं लागत नाही. ‘घरीच तर केलाय ना?’ एवढं म्हटलं की झालं. साडेतीनशेचा केक अडीचशेवर येतो, करणारी ओशाळं हसते आणि वर ‘खोका जरा चांगला दे हं’ अशी सूचनाही मिळते. हाच माणूस बेकरीच्या काउंटरवर मुकाट स्कॅन करून पैसे देतो. ‘बेकरीतच तर केलाय ना?’ असं तिथे विचारलेलं मी अजून ऐकलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय अठ्ठावीस. कंपनी पुण्यात, मी जुळे सोलापुरात. माझी शाळेपासूनची मैत्रीण दोन गल्ल्या सोडून राहते. तिने बी.कॉम. केलं, लग्न झालं, आता पाच वर्षांचा मुलगा आहे. ती घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि लहान मुलींचे फ्रॉक, परकर-पोलकी, ब्लाउज शिवते. शनिवार-रविवार मी तिच्याकडेच पडीक असते. एक ओटीजी, मोटर बसवलेलं जुनं पायमशीन आणि आम्ही दोघी. मी क्रीम फेटते, ती लेअर लावते. ती कटिंग करते, मी हुक लावते. माझ्यासाठी ही हौस आहे. तिच्यासाठी मुलाची फी आहे.

आता गंमत बघा. मी शिवलेल्या वाकड्या उशीच्या अभ्र्याचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला की ‘नोकरी सांभाळून हेही? कमाल आहेस!’ असे बदामवाले मेसेज येतात. तिने त्याच दुपारी, त्याच मशीनवर, खणाचा अस्तर लावलेला फ्रॉक शिवला, काठ अगदी समोरासमोर जुळवून. त्यावर ऐकायला मिळालं, ‘बरंय, घरबसल्या चार पैसे सुटतात. वेळही जातो.’

माझा राग या ‘घरबसल्या’ शब्दावर आहे. यात बसलेलं कोण आहे? मी! मी खरोखर बसलेली असते. पाठीला उशी, डोक्यावर कूलर, समोर लॅपटॉप. माझं काम घरातून, माझी मीटिंग घरातून, इंटरनेटचं बिलसुद्धा कंपनी देते. पण मला कुणी ‘घरबसल्या चार पैसे मिळवते’ म्हणत नाही. माझं ते ‘वर्क फ्रॉम होम’. आणि महिन्याच्या शेवटी ‘घरीच तर कोड लिहिलाय ना’ म्हणून कुणी माझ्या पगारातून शंभर रुपयेही कापत नाही. मैत्रीण मात्र सकाळी पाचला उभी राहते, कारण मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२च्या वर गेला की सातनंतर क्रीम धरत नाही. तिच्याच कामाला ‘बसल्या’ म्हणायचं.

इंजिनिअर माणसाला चिडल्यावर शिव्या सुचत नाहीत, एक्सेल सुचतं. मी तिच्या ओट्यावर फोनचं स्टॉपवॉच लावलं आणि तीन महिने नोंदी केल्या. अर्धा किलोचा बिनअंड्याचा चॉकलेट केक घेऊ. मैदा, साखर, कोको, तेल, दही, क्रीम, चॉकलेट, खालचा बोर्ड, खोका, सगळं मिळून २१० रुपये. ओटीजी तापवून केक भाजेपर्यंत साधारण एक युनिट वीज, धरा १० रुपये. झाले २२०. आता वेळ. बॅटर २५ मिनिटं, क्रीम फेटून लेअर लावायला ४०, वरची सजावट ३५, भांडी आणि ओटा २५, सामान आणायला जाण्यातला त्या केकचा वाटा २५, आणि ‘नाव मराठीत हवं, नको इंग्लिशमध्ये, थांबा मिस्टरांना विचारते’ या व्हॉट्सॲपवरच्या वाटाघाटींना २०. एकूण १७० मिनिटं. केक भाजला जातानाचा आणि निवतानाचा वेळ मी धरलेलाच नाही, कारण तेवढ्यात ती कुणाच्या तरी ब्लाउजला पिको करत असते.

साडेतीनशेला केक गेला तर उरतात १३० रुपये. तासाला ४६. ‘घरीच तर केलाय ना’ म्हणत अडीचशेला गेला तर उरतात ३०. तासाला साडेदहा रुपये. मध्येच लाइट गेली आणि केक बसला, तर तो तोटा वेगळा.

फ्रॉकचं गणित थोडं बरं आहे. कापड गिऱ्हाईकाचं, चाटी गल्लीतून आणलेलं. अस्तर, चेन, दोरा आपला, ७० रुपयांचा. कटिंगपासून हुकापर्यंत चार तास. शिलाई ३००. म्हणजे तासाला साडेसत्तावन्न. पण इथे दुसरं वाक्य तयार असतं: ‘अगं, रेडिमेड दोनशेत मिळतो.’

मिळतो ना. का मिळतो, तेही बघा की. सोलापूर गणवेश आणि रेडिमेड कपड्यांचं गाव आहे. कापलेल्या कापडाचे गठ्ठे घरोघरी जातात. कुणी शिवतं, कुणी काज-बटण करतं, कुणी नुसते लोंबणारे धागे कापतं. सगळं पीसवर. म्हणजे एका बाईला कमी पैसे द्यायचं समर्थन काय, तर दुसऱ्या बाईला त्याहून कमी मिळाले. वा!

या गावाला घरातलं काम नवं नाही. पूर्व भागात सकाळी फिरा. यंत्रमागांचा खडखडाट आणि पानं-तंबाखू घेऊन घरी परतणाऱ्या विडी कामगार बायका. बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या. दारात बसून पानं कापायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, जुड्या करायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. मजुरी दर हजार विड्यांना. ते काम चांगलं असं मी म्हणत नाही. तंबाखूची धूळ छातीत जाते, मजुरी कमी आणि मालाची नाकारणी चालूच. पण तिथे एक गोष्ट झाली जी माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत झाली नाही. १९६६च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं. सरळ व्याख्येतच घातलं. पुढे ऐंशीच्या दशकात भविष्यनिर्वाह निधीसाठीसुद्धा हेच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. काम घरी होतं म्हणून ते काम नाही, हा युक्तिवाद तेव्हाच निकालात निघाला.

त्याच बायकांनी मोर्चे काढून घरंही मिळवली. नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६मध्ये चाव्या मिळाल्या. नंतर शेजारी तीस हजार घरांचं रे नगर उभं राहायला लागलं. त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४मध्ये दिली गेली. राजकारण कुणाचं का असेना, घरात हात चालवणाऱ्या बायका मोजल्या गेल्या की काय होतं ते होटगी रोडच्या फ्लॅटमधून दिसलं नाही तरी कुंभारीत दिसतं.

‘पण त्यांना मालक होता. केकवालीला कुठे मालक आहे? ती स्वतःच मालकीण!’ हे मला एका मित्राने सुनावलं. मॅनेजमेंट शिकलाय तो. मागणी-पुरवठा, बाजार ठरवेल, परवडत नसेल तर तिने नाही म्हणावं. अरे, पण बाजाराच्या पुस्तकातला विक्रेता नाही म्हणू शकतो. ही कुणाला नाही म्हणणार? गिऱ्हाईक कोण, तर जाऊबाईंची बहीण, मुलाच्या वर्गशिक्षिका, मजल्यावरच्या काकू, ज्यांच्याकडे अडीअडचणीला मूल ठेवायचं असतं. नाही म्हटलं तर केक जात नाही, नातं जातं. या धंद्यातला मालक म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवरचे दीडशे मेंबर. दर तेच ठरवतात, फक्त आपण मालक आहोत हे त्यांना कबूल नाही.

दुसरा युक्तिवाद: घरी भाडं नाही, मग स्वस्त नको? भाडं नाही हे तिचं भांडवल आहे. तुमचं नाही. तुमचा स्वतःचा गाळा असला तर तुम्ही साडी निम्म्या भावात विकता का?

तिसरा सगळ्यात लबाड. ‘घर सांभाळून करता येतं, हे काय कमी आहे?’ केंद्र सरकारने २०२४मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. पुरुषांचा ८८. ‘घर सांभाळून’ म्हणजे या पावणेपाच तासांच्या वर. केकचे १७० मिनिटं त्याच्यानंतर सुरू होतात.

मराठीत मजुरीला शब्द कमी आहेत असंही नाही. शिलाई, धुलाई, दळणावळ, घडणावळ. आमच्या लहानपणी सुट्टीत डबे घेऊन बेकरीच्या भट्टीवर नानकटाई करून आणायचे, आठवतं? मैदा आपला, साखर आपली, तूप आपलं. भट्टीवाला किलोमागे भाजणावळ घ्यायचा आणि आई ती मोजून द्यायची. सामान आपलंच आहे, मग पैसे कसले, असं तिने कधी म्हटलं नाही. म्हणजे कष्टाचे पैसे वेगळे असतात हे आपल्याला चांगलं कळतं. फक्त ते कष्ट बाईचे आणि जागा स्वयंपाकघर असली की कळेनासं होतं.

लिज्जतचं उदाहरण सगळे स्त्रीशक्ती म्हणून देतात. १९५९, गिरगाव, सात बायका, ऐंशी रुपये उसने. त्यातला कामाचा भाग कुणी सांगत नाही. बायका भिजवलेलं पीठ घरी नेतात, घरी लाटतात आणि लाटलेल्या पापडाच्या वजनावर ठरलेली मजुरी घेतात. पापड घरात लाटलेला असतो, पण दुकानात पाकिटावरची किंमत खोडून कुणी घासाघीस करत नाही. लाटणारी एकटी नाही, एवढाच फरक आहे. एकटीला मशीन वाटणारे मात्र खूप. १९०९मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, रमाबाई रानड्यांनी बायकांच्या हाताला शिकवण आणि काम दिलं, तेव्हा ते धाडस होतं. आज वाढदिवसाला रांगेत शिलाई मशीन वाटून फोटो काढतात आणि त्या मशीनवरच्या कामाला काय दर मिळतो हे विचारायला पुन्हा कुणी जात नाही.

आता थोडं माझ्यासारख्यांबद्दल, म्हणजे बहुतेक तुमच्याबद्दल. पगार चालू असलेल्या, हौशी. २०२०च्या लॉकडाउनमध्ये आपल्यातल्या निम्म्यांनी ओटीजी घेतले, इन्स्टावर पेज काढली, आणि ‘प्रॉफिट नको गं, आवड म्हणून करते, सामानाचे दे फक्त’ असं म्हणत केक दिले. मलाही अजून रोज कुणीतरी सांगतं, पेज काढ. मी काढत नाही आणि त्याचं कारण विनय नाही. माझं घर केकवर चालत नाही. मी २२०ला केक विकला तर माझं काही बिघडत नाही, पण त्याच गल्लीत तिचा दर त्याच दिवशी २२० होतो. ‘ती बघ, इंजिनिअर असून देते की एवढ्यात!’ तेव्हा माझ्या हौशी मित्रमैत्रिणींनो, केक फुकट द्या, खुशाल द्या, मलाही द्या. विकायचा असेल तर पुऱ्या भावात विका, तुमच्या एका तासाचे पैसे लावून. मधला रस्ता, सामानापुरते पैसे घेणं, हे औदार्य वाटतं. ते दुसरीच्या ताटातून वाढलेलं असतं.

आणि ‘स्लो लिव्हिंग’ची रील्स करणाऱ्यांनो, पिठाने माखलेले हात संथ संगीतावर सुंदर दिसतात, मान्य. त्या हातांना कार्पल टनेल होतं तेव्हाही एक रील करा.

जूनमध्ये आम्ही तिचा दर बदलला. ती तयार नव्हती, पंधरा दिवस भांडली माझ्याशी. ‘लोक काय म्हणतील’ हे तिचं, ‘साडेदहा रुपये’ हे माझं. शेवटी वहीतलं पान फाडून फ्रिजवर लावलं. अर्धा किलो ५०० रुपये, निम्मे आधी. फ्रॉकची शिलाई ४७०, म्हणजे दोन्हींना तासाला जवळपास शंभर. नातेवाइकांनाही तेच. पानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि फोन उलटा ठेवला.

आधी महिन्याला २२ केक जायचे. जुलैत १३ गेले. मी बेरीज करून दाखवली. २२ केक सगळेच्या सगळे ३५०ला गेले असते, जे कधीच जायचे नाहीत, तरी हातात आले असते २,८६०. तेरा केकचे आले ३,६४०. आणि ओट्यापुढचे पंचवीस तास वाचले. त्यातल्या एका रविवारी तिने स्वतःसाठी कुर्ता बेतला. दीड वर्ष कापड कपाटात पडून होतं.

तुटलेल्या नऊ ऑर्डरींपैकी काही काकूंनी बोलणं कमी केलंय, दोघी परत आल्या आहेत. एकीचा परवा मेसेज होता: ‘सामान सगळं आम्ही आणून दिलं, अगदी खोक्यासकट, तर मग काय घेशील?’

तिने टाइप केलं: ‘२९०.’